गाडी डावीकडे ओढते

"आत आणू नका. बाहेरच थांबवा."

गळ्यात ओळखपत्र लटकवलेला मुलगा हात आडवे धरून गेटपाशी आला. दशरथ ओव्हाळने ब्रेक दाबला. गाडीने नेहमीप्रमाणे नाक डावीकडे काढलं. त्याने स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं, तेव्हा कुठे ती फुटपाथच्या कडेला हातभर अंतर राखून थांबली.

"अलाइनमेंट करायचीय," दशरथ खिडकीतून म्हणाला.

"ते ठीक आहे काका. पण ही गाडी आत नाही घेता येणार."

"रिकामी आहे."

"माझं काही नाही हो. पण लोक नवीन गाड्या घेऊन येतात, बरोबर घरचे असतात." मुलगा बोलताना दशरथच्या तोंडाकडेच बघत होता. गाडीच्या पांढऱ्या पत्र्यावरची अक्षरं वाचायचं तो टाळत होता. 'शववाहिका', आणि खाली शनिवार पेठेतल्या सेवा मंडळाचं नाव. "दुसरीकडे विचारा ना."

दुसरीकडे विचारून झालं होतं. सातारा रस्त्यावरच्या एकाने मशीन बंद आहे म्हणून सांगितलं, आणि त्याच्या पाठीमागे त्याच मशीनवर एक गाडी चढवलेली होती. कर्वे रस्त्यावरच्या दुसऱ्याने रविवारी या म्हटलं. रविवारी दुकान बंद असतं हे त्याच्या शटरवरच लिहिलेलं होतं. दशरथने गाडी मागे घेतली. मागे घेताना मात्र ती अगदी सरळ जायची.

ही खोड गाडीला आधी नव्हती. भोसरीतली कंपनी बंद पडली, तिथला टेम्पो सुटला आणि दशरथ मंडळाकडे लागला, तेव्हापासून तीच गाडी त्याच्या हातात होती. मूळची मालवाहू पिकअप. मंडळाने मागे पत्र्याची केबिन बांधून, दोन बाजूंना बाकडी टाकून घेतली होती. मालासाठी बनवलेले मागचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, इतके ताठ होते की एक स्ट्रेचर आणि चार-पाच माणसं बसली तरी त्यांना काही जाणवायचं नाही. त्यामुळे मागचा भाग उंच राहायचा आणि पुढचा खाली. एवढी वर्षं चालवूनही दशरथच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ते आणून दिलं सहकारनगरच्या एका बाईंनी.

वडिलांना घेऊन निघाल्या होत्या. मधली खिडकी सरकवून त्या म्हणाल्या, "काका, जरा थांबता का? बाबांना दमा होता. शेवटी शेवटी आडवं पडताच यायचं नाही, उशा लावून बसवून ठेवायचो. इथं डोकं खाली जातंय त्यांचं."

दशरथने गाडी बाजूला घेतली. बाई रडत नव्हत्या. खांद्यावरची शाल काढून त्यांनी तिची नीट घडी केली, वडिलांच्या डोक्याखाली सरकवली, एकदा लांबून बघितलं, अजून एक घडी घातली. मग म्हणाल्या, "चला आता."

त्या दिवसापासून दशरथला चैन पडेना. संध्याकाळी गाडी धुतल्यावर त्याने मागच्या फळीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. बाटली गडगडत पुढे जाऊन ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्याला लागली. दुसऱ्या दिवशी त्याने मंडळाचे कार्यवाह तात्याराव यांना सांगितलं.

तात्याराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "आत जो असतो, त्याच्याकडून तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग?"

"बरोबरच्यांना दिसतं ना."

पेपर थोडा खाली आला. "करून घ्या," तात्याराव म्हणाले. "फक्त विमान करू नका तिचं."

भवानी पेठेतल्या नियाजने पुढच्या कमानपाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून गाडीचं नाक उचललं. बाटली जागची हलेना. पण नियाजने हात पुसता पुसता सांगितलं होतं, "दशरथभाऊ, पुढून उचलली की चाकांचे कोन बदलतात. मी दोरी लावून अंदाजे करून देईन, पण ते काम काही खरं नाही. कॉम्प्युटरवर घ्या. आणि लवकर घ्या, रस्त्यावर दगा देईल."

दोनच दिवसांत तिने दगा दिला. दांडेकर पुलाच्या उतारावर पुढची बस अचानक थांबली. दशरथने ब्रेक दाबला तशी गाडी डावीकडे झेपावली आणि आरशाचा फटका एका पेरूच्या हातगाडीला बसला. पेरू रस्ताभर झाले. मागच्या केबिनमधून कुणीतरी "अहो, नीट चालवा," म्हणालं. हातगाडीवाला चिडून पुढे आला, गाडीवरची अक्षरं वाचली, आणि तिथंच थांबून त्याने हात जोडले. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर दशरथला बरं वाटलं असतं. हातगाडीच्या जागी एखादं पोर असतं तर, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

आता चहाचा कप धरतानाही त्याचं मनगट उजवीकडे वळायचं. धायरीच्या बसमध्ये उभा असताना उजवा खांदा आपोआप ताठ व्हायचा. घरी तो टीव्हीसमोर बसायचा, उठायचा, दारात जाऊन परत यायचा.

"काय झालंय तुम्हाला?" कांताबाईंनी भाकरी वाढताना विचारलं. "इंगळी डसल्यागत करताय."

त्याने सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी समोर जेवत असलेल्या मुलाकडे पाहिलं. "राकेश, तुझ्याकडं मशीन हाय ना रे?"

राकेशचा घास हातात राहिला. बाणेर रस्त्यावरच्या टायरच्या मोठ्या शोरूममध्ये तो अलाइनमेंटचंच काम करायचा. लाल टी-शर्ट, छातीवर इंग्रजीत नाव. मशीन नवीन आलं तेव्हा त्याने मोबाइलमध्ये फोटो काढून आणून दाखवला होता, आणि दशरथने तो फोटो दोनदा मागून बघितला होता.

"आई, तिथं सगळा आयटीवाल्यांचा क्राउड असतो. सर नाही म्हणतील."

"विचारलंस का?"

"विचारायला कशाला पाहिजे?"

"मी त्याला सांगितलंय का काही?" दशरथ बायकोला म्हणाला. "राहू दे. बघतो मी."

त्याने मुलाला खरंच कधी काही सांगितलं नव्हतं. गाडी मंडळाच्या बोळात लावून तो बसने घरी यायचा, तेही राकेशमुळेच. राकेश सातवीत असताना एकदा शाळेत तापाने फणफणला होता. निरोप आला तेव्हा दशरथ मोकळी गाडी घेऊन परतत होता. तो तसाच शाळेवर गेला. फाटकाबाहेर गाडी बघून पोरं गोळा झाली. राकेश बाहेर आला, त्याने गाडीकडे पाहिलं आणि दप्तर छातीशी धरून चालायला लागला. धायरी फाट्यापर्यंत तो तापात चालत गेला आणि दशरथ त्याच्या मागून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत राहिला. बाप-लेक त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दशरथने तिसरं दुकान पाहिलं, तेच ते, हात आडवे धरणाऱ्या मुलाचं. तिथून परतताना मंडळाने दिलेला मोबाइल वाजला. राकेश होता.

"बाबा, उद्या सकाळी घेऊन या. शोरूम उघडायच्या आधी." मागे कुठेतरी हवेच्या पंपाचा आवाज येत होता. "आणि ते... नाव तेवढं झाकून आणा."

दशरथने गाडी कडेला घेतली.

"बाबा?"

"ऐकतोय. आणतो."

सकाळी बोळात उभा राहून तो चिकटपट्टीने वर्तमानपत्रं लावू लागला. आधी एक बाजू, मग दुसरी. हाताला घाई होती आणि पट्टी नखाला सुटत नव्हती. तात्याराव गॅलरीत दात घासत होते.

"ओव्हाळ, गाडी लग्नाला निघाली का?"

"अलाइनमेंटला."

तात्यारावांनी वाकून कागद लावलेली बाजू पाहिली. चूळ भरली. "झाकल्याशिवाय घेत नाहीत वाटतं," म्हणाले, आणि मग जरा वेळाने, "येतील सगळे हिच्यातच एक दिवस, न झाकता," असं म्हणून आत गेले.

बाणेर रस्त्यावर दर महिन्याला एक नवी काचेची इमारत उभी राहत होती. कंपन्यांच्या बस रांगेने चालल्या होत्या, खिडक्यांना टेकून झोपलेली पोरं दिसत होती. दशरथ दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे धरून डाव्या बाजूने हळूहळू गेला. शोरूमच्या दारात राकेश उभा होता. त्याने शटर अर्धं उघडून ठेवलं होतं. बापाकडे न बघता त्याने हाताच्या खुणेने गाडी रॅम्पवर चढवून घेतली.

मग मात्र तो कामाला लागला. चारही चाकांना त्याने पकडी लावल्या, पडद्यावर चार चाकं उमटली, पुढच्या दोन्हींभोवती लाल आकडे. दशरथ बाजूला उभा राहून बघत होता.

"पुढचा टो गेलाय, चाकांची तोंडं वाकडी झालीत, ते होईल," राकेश म्हणाला. "ओढतेय ती मात्र ह्या दुसऱ्या आकड्यामुळं. ठोकळे घातल्यावर अ‍ॅक्सल जरा फिरला. उजवं चाक जेवढं मागं कललंय, डावं तेवढं नाही. डावीकडं कमी, म्हणून गाडी डावीकडं जाते. कळलं का?"

"नाही," दशरथ म्हणाला. "पण तू कर."

राकेशला हसू आलं. त्याने ते दाबलं नाही. "डावीकडं पाचर घालावी लागेल. वेळ लागणार."

तो खाली शिरला. पाना आवळल्याचे, हातोडीचे आवाज येत राहिले. दशरथला एका जागी उभं राहवेना. तो गाडीभोवती फेऱ्या घालू लागला. येताना वाऱ्याने एका बाजूचा कागद फाटला होता. 'श' चं डोकं बाहेर आलं होतं. त्याने ते अंगठ्याने पुन्हा चिकटवायचा प्रयत्न केला.

पाचर बसली, पण आकडे हिरवे व्हायच्या आत मॅनेजर आला. तिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, हातात कॉफीचा कागदी कप. अनिरुद्ध सर म्हणून राकेश घरी ज्यांचं नाव घ्यायचा, ते हेच असावेत हे दशरथने ओळखलं.

"राकेश, इतक्या लवकर? कुणाची गाडी?"

राकेश खालून बाहेर आला. त्याने चिंधीला हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"कस्टमर आहेत सर."

मॅनेजरने कागद लावलेल्या पत्र्याकडे पाहिलं, फाटलेल्या जागी त्याची नजर जरा थांबली. तो सभ्य माणूस होता. काही विचारलं नाही. "काका, तुम्ही लाउंजमध्ये बसा ना. एसी आहे. इथं धूळ आहे."

"हो," दशरथ म्हणाला. "बसतो साहेब."

तो काचेच्या खोलीत जाऊन सोफ्याच्या कडेवर बसला. समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. काचेपलीकडे राकेश पाठमोरा काम करत होता, त्याच्या मानेवर घाम होता. दशरथ उठला, पाणी प्यायला, परत बसला. मुलाने खोटं काय सांगितलं, असं त्याने स्वतःला विचारलं. गाडी घेऊन आलो म्हणजे कस्टमरच की. तरी तो पुन्हा उठला.

शेवटी राकेशने काचेवर टकटक केलं. "टेस्ट ड्राइव्ह घ्यावी लागेल. पाचर बसलीय का, बघायला पाहिजे. तुम्हीच चालवा, तुमचा हात आहे तिला." आजूबाजूला कुणी आहे का हे न बघता तो डाव्या दाराकडे गेला, आणि दारापाशी क्षणभर थबकला. मग चढून बसला. या गाडीत तो पहिल्यांदाच बसत होता.

ते शोरूमपासून दोन चौक गेले असतील, मोबाइल वाजला. तात्याराव.

"ओव्हाळ, कुठे आहात? एरंडवण्यातून फोन आहे. खांबेटे म्हणून. म्हातारा-म्हातारी दोघंच घरात, म्हातारा गेला. दुसरी गाडी हडपसरला गेलीय."

दशरथने पत्ता ऐकून घेतला. मुलाकडे पाहिलं. "तुला सोडून जातो."

राकेशने मागे वळून पाहिलं. उलट दिशेला गाड्यांची रांग विद्यापीठापर्यंत लागलेली होती. "मागं फिरायलाच अर्धा तास जाईल. चला तुम्ही."

इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. फाटकात दोन वयस्कर गृहस्थ वाट बघत उभे होते. गाडी समोर येऊन थांबली तरी ते रस्त्याकडेच बघत राहिले. त्यातले एक, बेलसरे नावाचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले, खिडकीपाशी आले. "अहो, इथं जरा लावू नका. आमची शववाहिका यायचीय."

दशरथ काही बोलणार, तेवढ्यात राकेश उतरला. त्याने फाटलेल्या जागी बोटं घालून कागद ओढला. अर्धा निघाला, चिकटपट्टी तशीच राहिली. मग तो नखांनी खरवडू लागला, खाली वाकून, गुडघ्यावर बसून, एका बाजूचं सगळं नाव मोकळं होईपर्यंत. दुसऱ्या बाजूला गेला. वर्तमानपत्राचा बोळा करून त्याने सीटखाली टाकला.

"हे कोण?" बेलसऱ्यांनी त्या लाल टी-शर्टकडे बघत विचारलं.

"शोरूममधले आहेत," दशरथ म्हणाला. "गाडीचं काम चाललं होतं. वाटेत फोन आला म्हणून बरोबर आले."

राकेश पलीकडे उभा होता. त्याने ऐकलं. त्याने मान वर केली नाही.

वर खांबेटे आजोबा खोलीत स्वच्छ धोतरात निजलेले होते. आजी खुर्चीत बसल्या होत्या, अगदी लहानखुऱ्या. मुलगा सिंगापूरहून संध्याकाळी पोचणार होता, पण कुणासाठी खोळंबायचं नाही असं आजोबांनीच सांगून ठेवलं होतं, असं आजींनी दशरथला आल्याआल्या सांगितलं, जणू त्याची परवानगी हवी होती. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही वहिनींच्या," बेलसरे हळूच म्हणाले.

उचलायला माणसं पुरत नव्हती. दशरथने मुलाकडे पाहिलं. राकेश आधीच डोक्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

"जिन्यात पाय पुढं," दशरथ म्हणाला. "मी खालून उंच धरतो. तू वरून खाली धर, वाकून. ते सरळ राहिले पाहिजेत. घाई नाही."

वळणावर राकेशचा खांदा भिंतीला घासला, चुन्याचा पांढरा पट्टा टी-शर्टवर उमटला. तो थांबला नाही. मधल्या मजल्यावर त्याच्या खिशात फोन थरथरू लागला आणि थरथरतच राहिला. खाली पोचल्यावर, स्ट्रेचर आत सरकवून झाल्यावर, त्याने फोन काढून बघितला.

"सर," तो म्हणाला. "हो. नाही सर. वेळ लागेल." पलीकडचं बोलणं संपायची वाट न बघता त्याने फोन ठेवला.

आजी स्ट्रेचरशेजारच्या बाकड्यावर बसल्या, त्यांच्या समोर बेलसरे आणि दुसरे गृहस्थ. राकेश पुढे. दशरथने गाडी सुरू केली. येताना पोचायच्या घाईत त्याचं गाडीकडे लक्षच गेलं नव्हतं. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला त्याने ब्रेक दाबला आणि सवयीने उजवीकडे जोर लावला. गाडी उजवीकडे गेली. त्याने हात सैल सोडले. पुढच्या सिग्नलला तो नुसता धरून राहिला. गाडी जिथं जायची तिथं गेली आणि थांबायची तिथं थांबली. म्हात्रे पुलावर चढेपर्यंत त्याचा खांदा खाली आला होता. राकेश तिरक्या नजरेने स्टिअरिंगकडे बघत होता.

वैकुंठ स्मशानभूमीच्या आवारात झाडाखाली गाडी उभी करून दशरथने इंजिन बंद केलं. तो आणि राकेश मागे गेले, दार उघडलं. बेलसरे आणि दुसरे गृहस्थ एकमेकांना धरून खाली उतरले. आजी उतरल्या नाहीत. त्यांचा एक हात नवऱ्याच्या छातीवरच्या पांढऱ्या कापडावर होता, मान पत्र्याला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या.

"वहिनी," बेलसऱ्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. दशरथने हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाबा," राकेश म्हणाला, "उठवायचं का त्यांना?"

बेलसऱ्यांनी आधी त्याच्याकडे आणि मग दशरथकडे पाहिलं.

"थांब थोडा वेळ," दशरथ म्हणाला. "झोपू दे."

आवारात वारं सुटलं होतं. उघडं दार हलू लागलं, बिजागरी करकरली. राकेश पुढे झाला, दाराला पाठ लावली आणि ते वाजू नये म्हणून धरून तसाच उभा राहिला.